पायऱ्यांची वहिवाट

राजधानीसाठी आम्ही दोन दिवस ठेवले होते. म्हणजे मीच ठेवले होते. एकतीस वर्षं प्रवासी बस चालवल्यामुळे कुठं किती थांबायचं हे ठरवायचं काम घरात आपसूकच माझ्याकडे आलेलं.

पाठीवर सॅक टाकून निघालो त्याला राजधानीत पोचलो त्या दिवशी एकोणीस दिवस झाले होते. दोघंही निवृत्त. लेकीनं आधी समजूत घातली, मग रागावली, मग एका सहल-कंपनीचं चकचकीत माहितीपत्रक आणून आईपुढे ठेवलं. "सगळी व्यवस्था त्यांचीच असते, आई. या वयात डॉर्मिटरीत झोपणार तुम्ही? वरच्या बंकवर कोण चढणार?"

"तुझे बाबा," ही म्हणाली. "आणि ज्या बसमधून उतरायला कुणाच्या शिट्टीची वाट बघावी लागते, त्या बसमध्ये मी बसायची नाही."

या एकोणीस दिवसांत वरच्या बंकवर खरंच मीच चढत होतो.

हिची नोकरी भूमापन खात्यात, आरेखक म्हणून. मोजणीदार उन्हातान्हात साखळ्या ओढून आकडे आणायचे आणि ही टेबलाशी बसून काळ्या शाईनं त्यांचा नकाशा काढायची. राजधानीच्या कचेरीत माणसं कमी, म्हणून तिथली पानं आमच्या गावच्या कचेरीत यायची. बत्तीस वर्षांत हिनं राजधानीची गल्लीन् गल्ली कागदावर उतरवली, पण राजधानीत पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. मुलं लहान होती, माझ्या आईचं आजारपण होतं, माझ्या ड्यूट्या होत्या. यातलं तिसरं कारण सगळ्यांत मोठं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

माझी यादी तयार होती. राजवाडा, संग्रहालय, घड्याळाचा मनोरा, विधिमंडळाची इमारत. प्रत्येकापुढे वेळ लिहिली होती. ही म्हणाली, "तुमचं सगळं बघू. मला फक्त त्रेचाळीस नंबरचं पान पायी चालायचंय."

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही त्रेचाळीस नंबरच्या पानात शिरलो. हातात कागद नाही, फोन खिशात, आणि ही अशी चालत होती जशी माहेरच्या गल्लीत आलीय. "आता डावीकडे विहीर लागेल." विहीर नव्हती, सायकलींचं दुकान होतं. पण दुकानाच्या उंबऱ्याशी गोल दगडी कठड्याचा तुकडा अजून शिल्लक होता. "बुजवली मेल्यांनी," ही म्हणाली, आणि घरातलं कुणी गेल्यासारखी घटकाभर तिथं उभी राहिली. पुढे तीन गल्ल्या जिथं मिळायला हव्यात तिथंच मिळाल्या. एका छापखान्याची भिंत रस्त्यात हातभर पुढे आली होती, तीही तिला ठाऊक होती. मला मनातून अभिमान वाटत होता, आणि मनगटावरचं घड्याळही दिसत होतं.

वरच्या बाजारपेठेच्या टोकाला येऊन ही थांबली.

"इथून पायऱ्यांचा बोळ खाली नदीकाठच्या रस्त्याला उतरतो. एकशे चौदा पायऱ्या. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मी खुणेपुरत्या पाच-सहा रेघा मारल्या आणि पान दिलं. मुख्य आरेखकांनी परत टाकलं. म्हणाले, बाई, माणसं इथून डोक्यावर ओझं घेऊन उतरतात. ती एकेक पायरी उतरतात, तुम्हीही एकेक काढा."

बोळ होता. पण त्याच्या तोंडाशी हिरव्या रंगाचं नवंकोरं लोखंडी फाटक होतं, दोन्हीकडे कुंड्या, आणि पितळी पाटी: खाजगी. फक्त हॉटेलच्या पाहुण्यांसाठी. आत पायऱ्यांच्या प्रत्येक टप्प्यावर छत्र्या लावून टेबलं मांडलेली. फाटकाला कुलूप नव्हतं, नुसता कोयंडा होता, आणि कोयंड्यापाशी वॉचमन.

"पाहुणे आहात का?" त्यानं विचारलं. आमच्या सॅककडे बघून उत्तर त्याला कळलंच होतं.

"नाही. खाली जायचंय," ही म्हणाली.

"मग वळसा घालून जा. पुलावरून. पंचवीस मिनिटं लागतील."

"हा रस्ता आहे."

"होता."

बाजूनं एक बाई चालली होती. डोक्यावर इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं, कपाळावर घाम. ती न थांबता म्हणाली, "चार वर्षं झाली, ताई. माझं दुकान खाली, गिऱ्हाइकं वर. दिवसातून चारदा पुलावरून येते-जाते." मग थांबली. "अर्ज केले होते आम्ही. कुणी म्हणे कागद दाखवा. कागद कुठला आणायचा?"

आवाज वाढला तसा मॅनेजर आला. तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. त्यानं वॉचमनला गप्प केलं आणि हिच्यापुढे किंचित वाकला. "काकू, लांबून आलेल्या दिसता. फोटो काढायचे असतील तर या की आत. चहा घ्या. आमच्या पाहुण्या म्हणून."

मला हायसं वाटलं. मी पाऊल उचललंसुद्धा.

"पाहुणी म्हणून नाही यायचं मला," ही म्हणाली. "रस्त्यानं जाणारी म्हणून जायचंय. ही बाई माझ्यामागून येईल. तिच्या मागून आणखी कुणी येईल."

मॅनेजरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. "ते शक्य नाही."

"मग चहाही नको."

आम्ही समोरच्या फुटपाथवर आलो आणि भांडलो. लग्नाला अडतीस वर्षं झालेली माणसं भर बाजारात जशी भांडतात तसं, दात आवळून, हळू आवाजात.

"अगं, सोडत होता ना आत? उतरून गेलो असतो. तुझं पान चालून झालं असतं."

"आणि तिनं पुलावरून जायचं?"

"आपण दोन दिवसांचे पाहुणे. आपल्याला काय करायचंय? तू नेहमी असंच करतेस."

"नेहमी?" ती थेट माझ्याकडे बघत म्हणाली. "बत्तीस वर्षं मी टेबलावरून मान वर केली नाही. नेहमी कधी केलं, एक दिवस सांगा."

मी जास्तच चिडलो. "मी संग्रहालयात चाललो," म्हणालो.

"या जाऊन. मी भूमापन कचेरीत असेन."

संग्रहालय मोठं होतं. जुन्या तलवारी, जुनी नाणी, राजघराण्याची एक पालखी. प्रत्येक वस्तूपुढे लाल दोरी, आणि प्रत्येक दोरीमागे मी, हात पाठीशी बांधून. पालखीपुढे उभा असताना मला अचानक ती दूधवाली आठवली.

घाटाच्या पायथ्याशी एक विनंती थांबा होता. हात केला की बस थांबवायची. एका वर्षी वेळापत्रकातून तो काढून टाकला. तिथली एक म्हातारी, हातात दुधाची बरणी, रोज सकाळी पावणेसातला उभी असायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगूनही पटलं नव्हतं. ती हात करायची आणि मी गिअर बदलायचो. दोन-अडीच महिने. मग एके दिवशी ती दिसली नाही आणि पुढे कधीच दिसली नाही. तेव्हा मी घरी बोललो होतो. ही पोळ्या लाटत होती, म्हणाली, "थांबवायची की. कोण फाशी देणार होतं?" मी म्हणालो, "वेळापत्रकात नाही." तिनं पुढची पोळी लाटायला घेतली.

मी संग्रहालयातून बाहेर पडलो. मनोरा समोरच होता, वर जायला रांगही नव्हती. मी भूमापन कचेरीचा रस्ता विचारला.

कचेरीत नकलांच्या खिडकीशी ही कोपरं टेकून उभी होती. आतला कारकून पन्नाशीपुढचा, मान न वळवता सांगत होता, "प्रमाणित नक्कल आठ दिवसांनी मिळेल. आरेखकाची जागा रिकामी आहे. नक्कल काढायला माणूस नाही."

"नियमात आणखी एक कलम आहे," ही म्हणाली. "अर्जदारानं स्वतः कचेरीत बसून नक्कल काढली आणि ती मूळ पानाशी जुळली, तर त्याच दिवशी शिक्का मारून द्यायची."

कारकून पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "ते कलम आजवर कुणी वापरलेलं नाही, बाई."

"मी वापरते. कागद, पेन आणि काचेचं टेबल द्या."

तो आत गेला. बराच वेळ कपाटांचे आवाज आले. परत आला तेव्हा हातात पान होतं आणि चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच. त्यानं पानाच्या कोपऱ्यावरच्या सही-तारखेवर बोट ठेवलं, मग अर्जावरच्या सही-तारखेवर. "हे साताचे आकडे," तो म्हणाला, "मधे आडवी रेघ असलेले... वीस वर्षं बघतोय मी. मला वाटायचं कुणी पुरुष असेल."

"टेबल," ही म्हणाली.

अडतीस वर्षांच्या संसारात मी हिला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. घरचं काम पाहिलं, ते वेगळं. तिनं सॅक माझ्याकडे दिली, चष्मा पुसला, मूळ पानावर पारदर्शक कागद ताणून चारी कोपऱ्यांना वजनं ठेवली. पहिल्या रेघेसाठी पेन उचललं. तिनं पेन खाली ठेवलं, मूठ दोन-तीनदा उघडली-मिटली, आणि पुन्हा उचललं. मग श्वास रोखून एक रेघ, श्वास सोडून पेन वर. घरांच्या हद्दी, बोळाच्या दोन्ही कडा, वरच्या तोंडाची रुंदी, खालच्या तोंडाची रुंदी, आणि मधे बारीक अक्षरांत तिनंच कधीकाळी लिहिलेले शब्द: सार्वजनिक वहिवाट. शेवटी पायऱ्या. एकेक. मीही मनात मोजत होतो. माझे एकशे बारा झाले, पण ते माझं चुकलं असणार.

कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं असताना कारकुनानं दोन्ही पानं एकावर एक धरून उजेडात बघितली आणि शिक्का मारला. "माझं नाव कुठं घेऊ नका," एवढंच म्हणाला.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी म्हणालो, "उद्या मीही येतो फाटकाशी."

"बस दोनची आहे आपली. तुमचा राजवाडा राहिलाय."

"राहू दे."

तिनं माझ्या हातातून स्वतःची सॅक घेतली आणि पाठीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही फाटकाशी उभे होतो. इस्त्रीवालीला निरोप दिला होता. ती गाठोड्यासकट आली आणि चार पावलं मागे उभी राहिली, वेळ आली तर निघून जाता यावं अशा बेतानं. मॅनेजरनं नक्कल वाचली. आज तो गोड बोलला नाही.

"हा जुना नकाशा आहे. तुमचं म्हणणं न्यायालयात मांडा."

"रस्त्यानं चालायला न्यायालयात जावं लागत नाही. रस्ता बंद करणाऱ्यानं जायचं असतं," ही म्हणाली. "तुमच्याकडे बोळ बंद करायचा हुकूम असेल तर दाखवा. मी आत्ता परत जाते."

त्यानं वॉचमनकडे बघितलं. वॉचमन फाटकापुढे आडवा उभा राहिला, पण त्याची नजर खाली होती. बिचाऱ्याचं पोट त्या फाटकावर होतं. ही त्याला म्हणाली, "दादा, तुमच्यावर राग नाही. तुम्ही मला ढकलणार असाल तर ढकला. नाहीतर बाजूला व्हा."

तो ढकलेना आणि हलेनाही. आणि मग फाटक उघडायचं काम मी केलं. त्याच्या खांद्यावरून हात घालून मी कोयंडा उचलला. आयुष्यात मी लाल दिवा तोडला नाही, चुकीच्या बाजूनं गाडी काढली नाही. कोयंडा जड होता आणि त्याचा आवाज साऱ्या बाजाराला ऐकू गेला असं मला वाटलं. फाटक आत ढकललं. वॉचमन कडेला सरकला, जणू वाऱ्यानंच उघडलं.

"चला," मी म्हणालो. तोंडातून सवयीनं निघालं, "सांभाळून उतरा."

न्याहारीची वेळ होती. छत्र्यांखाली माणसं पाव-अंडी खात होती. आमच्या फुगलेल्या सॅक दोन्हीकडच्या कुंड्यांना घासत होत्या. मॅनेजर आमच्यापुढे उलट्या पावलांनी उतरत "हे बेकायदेशीर आहे, हे बेकायदेशीर आहे" असं म्हणत होता, आणि एका टप्प्यावर तोच पडता पडता वाचला. एका टेबलावरचा गृहस्थ इस्त्रीवालीच्या गाठोड्याला वाट मिळावी म्हणून खुर्ची ओढून बसला. दुसऱ्या टेबलावरची बाई मात्र म्हणाली, "आम्ही इथं शांततेसाठी येतो." ही तिला म्हणाली, "आम्हीही शांतपणेच चाललोय."

सगळ्यात खालच्या पायरीवर पोचलो आणि पुढे दुसरं फाटक. इस्त्रीवालीला ते ठाऊक होतं, पण तिला वाटलं होतं आम्हालाही ठाऊक असेल. याला भलंमोठं कुलूप, गंजून लाल झालेलं. गजांपलीकडे नदीकाठचा रस्ता, रिक्षा, माणसं.

मॅनेजरच्या जिवात जीव आला. "झालं समाधान? आता वर चला."

हिनं कुलुपाकडे बघितलं, सॅक उतरवली, आणि शेवटच्या पायरीवर बसली. "उघडेपर्यंत बसते."

मीही बसलो. इस्त्रीवाली क्षणभर उभी राहिली. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि आमच्याशेजारी बसली. "चार वर्षं चालले," म्हणाली, "आता जरा बसते."

बारा वाजले. एक वाजला. मॅनेजर दोनदा येऊन धमकावून गेला. इस्त्रीवालीनं गजांतून हाका मारून समोरच्या टपरीवाल्याकडून चहा मागवला, आणि चहा गजांतूनच आत आला. पलीकडे लोक जमले. त्यांतल्या निम्म्यांनी तो बोळ लहानपणापासून वापरला होता, आणि प्रत्येकाला कुठली पायरी फुटकी होती ते सांगायचं होतं. दोन वाजता आमची बस सुटली असणार. माझ्या आयुष्यातली पहिली चुकलेली बस. मी घड्याळाकडे बघितलं आणि आणखी एक चहा मागवला.

अडीचच्या सुमारास मॅनेजरनं बोलावलेला हवालदार आला. तो रस्त्याच्या बाजूनं आला आणि फाटकापलीकडे उभा राहिला. हिनं गजांतून नक्कल त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली.

"मला नकाशातलं कळत नाही, बाई. तक्रार आहे की तुम्ही खाजगी जागेत बसलाय. बाहेर या."

"येते की," ही म्हणाली, आणि लगेच उठून सॅक पाठीवर चढवली. "उघडा."

हवालदारानं कुलुपाकडे बघितलं. मग मॅनेजरकडे. पलीकडच्या गर्दीत कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले.

"वरून आणा त्यांना," मॅनेजर म्हणाला.

"मी गुडघ्यांची पेशंट आहे," ही म्हणाली. हे धादांत खोटं होतं, एकोणीस दिवसांत मलाच तिनं दमवलं होतं. "एकशे चौदा पायऱ्या चढवणार असाल तर खुर्चीत बसवून न्या. खुर्ची धरायला चार माणसं लागतील."

हवालदार जाड होता आणि ऊन होतं. त्यानं थोडा विचार केला. "चावी आणा हो," तो मॅनेजरला म्हणाला. "यांना बाहेर काढायचंय ना तुम्हाला?"

चावी सापडली नाही. शेवटी समोरच्या गॅरेजवाल्यानं कटर आणला आणि हवालदाराच्या देखत कडी तोडली. फाटक चार वर्षांचं जाम झालेलं. पलीकडून सात-आठ जणांनी ओढलं, अलीकडून आम्ही ढकललं, आणि ते किंचाळत उघडलं. आम्ही रस्त्यावर आलो. इस्त्रीवालीही आली, दुकानात गाठोडं टाकलं, दुसरं डोक्यावर घेतलं, आणि हवालदाराच्या समोरून पुन्हा त्याच पायऱ्यांनी वर चालायला लागली. "गिऱ्हाइकाचं आहे, संध्याकाळी द्यायचंय," ती न वळता म्हणाली. तिच्यामागून एक जण सायकल खांद्यावर टाकून चढला. हवालदारानं रुमालानं मान पुसली आणि दुसरीकडे बघितलं.

आम्ही राजधानीत आणखी तीन दिवस राहिलो. बोळ मोकळा करावा म्हणून अर्ज लिहिला, नक्कल जोडली, गल्लीतल्या चाळीस जणांच्या सह्या घेतल्या, पोच घेतली. माझ्या यादीतली बाकीची ठिकाणं राहून गेली ती गेलीच. हॉटेलवाल्यांनी हरकत घेतली. वरच्या फाटकाला पुन्हा कुलूप लागलं, पुन्हा निघालं. सध्या दिवसा दोन्ही फाटकं उघडी असतात, टेबलं कडेला सरकवलीत, पण पितळी पाटी अजून आहे आणि निकाल लागायचा आहे.

सुनावणीला आम्ही परत गेलो. हॉटेलच्या वकिलानं उभं राहून विचारलं, "अर्जदारबाई या शहरात राहत नाहीत. त्यांचं इथं घर नाही, दुकान नाही. यांचा त्या बोळाशी संबंध काय?"

मला वाटलं ही आता नोकरीचं सांगेल, सहीचं सांगेल. तिनं त्यातलं काहीच सांगितलं नाही.

"मी त्यावरून चालत गेले," ती म्हणाली. "रस्त्याशी माणसाचा आणखी काय संबंध असतो?"

वकील हसला. सुनावणी घेणारे अधिकारी हसले नाहीत. त्यांनी टंकलेखकाकडे मान वळवली आणि म्हणाले, "लिहा, अर्जदार सदर रस्त्यानं चालत गेल्या." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "एकट्याच का?"

"नाही साहेब," मी मागच्या बाकावरून उभा राहत म्हणालो. "माझंही लिहा."